पूलवाल्याचा गुडघा आणि मी

मी एक जुना कोनमापक आहे. नाव ऐकून तुम्हांला कंपासपेटीतला तो प्लॅस्टिकचा अर्धगोल आठवला असेल, ज्याला शेजारच्या बाकावरच्या कोणीतरी पेनाने मिशा काढून ठेवल्या आहेत. तो माझा लांबचा चुलतभाऊ म्हणा हवं तर. तो कागदावरचे कोन मोजतो, मी माणसांचे मोजायचो. गुडघा किती वाकतो, कोपर किती सरळ होतं, खांदा कुठवर उचलला जातो, हे सांगणं माझं काम.

मित्रांनो, आता मी एका कचेरीतल्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात पडून असतो. सोबतीला घट्ट झालेली डिंकाची बाटली, कुलूप हरवलेल्या किल्ल्या आणि चष्म्याचं रिकामं घर. खणाचं लाकूड फुगलंय, त्यामुळे तो नीट उघडत नाही, आणि नीट उघडत नाही म्हणून कोणी उघडतही नाही. मी काही फार बोलका नाही. पण आठवणी दाटून आल्या की ऐकायला कोणीतरी हवंसं वाटतं. तुम्ही थोडं थांबलात तर बरं वाटेल मला.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे डॉक्टरांच्या कात्र्या, चिमटे आणि माझ्यासारखी मापं बनत. पोलादाच्या पत्र्यातून माझे दोन हात कापले गेले. मग कानशीने माझ्या कडा घासघासून गुळगुळीत केल्या, कारण मला माणसाच्या कातडीला लागायचं होतं. जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एका कारागिराने माझ्या गोल तबकडीवर एकेक रेघ कोरली. कोरताना तो श्वास रोखून धरायचा आणि रेघ झाली की फुस्सकन सोडायचा. शेजारचा त्याला चिडवायचा, "अरे, मापं बनवतोयस की फुगे फुगवतोयस?"

शेवटी माझे दोन हात एका रिव्हेटने जोडले गेले. "सैल बसला तर खोटं बोलेल आणि घट्ट बसला तर बोलणारच नाही," असं पुटपुटत कारागिराने रिव्हेटवर हातोडीचा अगदी हलका घाव घातला. मग मला आपल्याच कोपराला लावून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि मऊ कापडात गुंडाळून ठेवलं. त्याचं कोपर हा माझ्या आयुष्यातला पहिला सांधा. अजून आठवतो.

तिथून मी आलो तो थेट या कचेरीत. इथे सैन्यातून निवृत्त झालेली माणसं तपासणीला येत. नोकरीत ज्यांचे सांधे कायमचे बिघडले, त्यांना सरकार उपचार देई आणि गरज असेल तर सोयीचं घरही देई. पण आधी सांधा नोकरीपायी बिघडला आहे आणि खरोखरच चालत नाही, हे ठरावं लागे. नाही ठरलं तर अर्ज नामंजूर. मग अपील करायचं, आणि अपिलाला तीन जणांच्या समितीपुढे उभं राहायचं. हो, उभंच! बाहेरच्या लांब बोळात बाकडी होती, पण इतकी बुटकी की दुखऱ्या गुडघ्याचा माणूस एकदा बसला की त्याला उठवायला दोघे लागायचे. त्यामुळे सगळे भिंतीला पाठ लावून उभे असत. ती बाकडी कोणी आणि कोणासाठी आणली होती, देव जाणे.

माझा मुक्काम डॉक्टरबाईंच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात असे. बाई ठेंगण्या, चालताना घाईच्या, पण हाताने फार सावकाश. मला कोणाच्याही अंगाला लावण्याआधी त्या दोन्ही तळव्यांत धरून ऊब देत. "लोखंड गार लागतं हो," त्या म्हणत, "आधीच माणूस घाबरलेला." मी पोलादाचा आहे, लोखंडाचा नाही, पण त्या उबेपुढे मी कधी तक्रार केली नाही. आज या खणात मला कशाची आठवण येत असेल, तर त्या तळव्यांची.

किती तऱ्हेची माणसं भेटली! एक स्वयंपाकी होता. मोठमोठ्या पातेल्यांत कलथा फिरवून त्याचा खांदा गेला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, हात वर करा. तो कमरेच्या जरा वर नेऊन थांबला आणि म्हणाला, "हात इथपर्यंतच जातो, बाई. शिव्या मात्र आभाळापर्यंत जातात." एक ट्रकचालक होता. मी त्याच्या घोट्याला लागायच्या आधीच तो "आई आई गं!" करून ओरडला. बाई म्हणाल्या, "अहो, अजून लावलंच नाहीये." तो म्हणाला, "सराव करून ठेवतोय." तेव्हा बोळातली माणसंसुद्धा हसली होती.

बाई मला पुसून खिशात ठेवताना नेहमी म्हणत, "हा आहे म्हणून माझं चालतं." मित्रांनो, कौतुक कोणाला नको असतं? मला वाटायचं, आपल्याला सगळं कळतं. सांधा समोर आला की रेघ सांगायची, झालं काम. मग एक दिवस पूलवाला आला.

त्याचं खरं नाव कचेरीत पुकारलं गेलं असेल, पण मला तो पूलवाला म्हणूनच आठवतो. उंच, वाळलेला, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला सदरा. सोबत त्याची मुलगी. सैन्यात तो पूल बांधणाऱ्या तुकडीत होता. शत्रूने पूल उडवला की रातोरात नवा उभा करायचा. लोखंडाच्या भल्या थोरल्या चौकटी सहा-सहा जणांनी खांद्यावर उचलून आणायच्या, चिखलात गुडघे रोवायचे, एकाला एक जोडायच्या. सगळी नोकरी त्याने हेच केलं. सोबती त्याला 'खांब' म्हणत, कारण ओझं कितीही असो, हा हलत नसे.

बाईंनी मला टेबलावर ठेवलं होतं. त्याने वाकून निरखून पाहिलं आणि माझ्या रिव्हेटवर बोट ठेवलं.

"आमच्या पुलाची पिनच आहे की ही!" तो म्हणाला. "दोन चौकटी अशाच जोडायचो आम्ही. पिन बसली की पूल बोलायला लागायचा."

"बोलायला?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे करकरायला. करकरला की समजायचं, जिवंत आहे."

बाई हसल्या. "आणि तुमचा गुडघा?"

"तोही करकरतो."

"दुखतो का?"

"नाही, मॅडम."

दारापाशी उभ्या असलेल्या मुलीने डोळे मोठे केले, पण त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही.

बाईंनी मला तळव्यांत ऊब दिली. माझा एक हात त्याच्या मांडीला लागला, दुसरा नडगीला, रिव्हेट गुडघ्याच्या बाजूला. "वाकवा," बाई म्हणाल्या. झालं! तो शब्द त्याच्या कानात हुकूम होऊन शिरला. पाठ ताठ, नजर समोर, आणि गुडघा वाकू लागला. वाकला, आणखी वाकला. माझ्याखाली त्याची मांडी ताणलेल्या दोरासारखी थरथरत होती. गुडघ्याची वाटी तापली होती आणि आतून कोणीतरी वाळू दळत असल्यासारखं मला जाणवत होतं. पण माझा खालचा हात धडधाकट माणसाचा पोहोचतो त्या रेघेवर जाऊन पोहोचला.

"दुखतंय का?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"नाही, मॅडम."

त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता. बाईंनी तो पाहिला असावा, कारण त्या क्षणभर थांबल्या. पण बोळात माणसांची रांग लागली होती, आणि समोरचा माणूस नाही म्हणत होता. त्यांनी दिसलं तेच लिहिलं. मीही दिसलं तेच दाखवलं होतं. गुडघा कुठवर गेला ते मला सांगता येतं. तिथवर जायला माणसाला काय सोसावं लागलं, त्याची रेघ माझ्या तबकडीवर नव्हती.

दार लोटलं तशी बोळातून मुलीचा आवाज आला.

"बाबा, काय केलंत हे? सकाळी जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबलात! आणि इथे येऊन कवायत?"

"त्यांनी हुकूम दिला. वाकवा म्हणाल्या."

"हुकूम नाही दिला, तपासत होत्या त्या!"

"एकच ते."

"एकच कसं? घरी कप उचलून ठेवा म्हटलं की ऐकू येत नाही, आणि इथे बरं ऐकू आलं!"

भिंतीशी उभे असलेले म्हातारे खुदुखुदु हसले. पूलवालाही हसला असावा. मुलगी मात्र हसली नाही. पुढे कितीतरी वेळ ती दाराजवळ एका अनोळखी बाईशी बोलत होती, आणि मी खिशातून ऐकत होतो. ते चौथ्या मजल्यावर राहत, इमारतीला लिफ्ट नव्हती. गुडघा नोकरीपायी बिघडला असं ठरलं, तर निवृत्त सैनिकांच्या वसाहतीत तळमजल्याचं घर आणि गुडघ्याचं ऑपरेशन मिळणार होतं. "आमची ठकी, माझी लेक, सायकल शिकतेय," मुलगी सांगत होती. "मी कामावर. मागून धरायला कोणी नाही. बाबा गॅलरीत उभे राहून वरून ओरडतात, हँडल सरळ, हँडल सरळ! ती पडते. आणि हे खाली पोहोचेपर्यंत तिचं रडून, उठून, पुन्हा पडूनही झालेलं असतं." मग ती म्हणाली, "आताशा ते गॅलरीतही येत नाहीत. खुर्ची आत वळवून बसतात."

मित्रांनो, त्यानंतर मी अनेक गुडघ्यांना लागलो, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दार वाजलं की वाटायचं, तो आला. त्याची वाळू दळणारी वाटी मला पुन्हा हाताखाली हवी होती. का, ते माहीत नाही. ज्याचं ऐकून घ्यायचं राहून गेलं, त्याची ओढ लागते, तशीच ती ओढ असावी.

अर्ज नामंजूर झाला. कारण एका ओळीचं होतं: गुडघा पूर्ण वाकतो. मुलीने अपील केलं आणि थंडी सरताना तो पुन्हा आला. या वेळी त्याने काठी आणली होती, पण आत येताना ती बाहेरच भिंतीला टेकवली. काठी घेऊन साहेबांपुढे कसं जायचं!

समितीत तिघे होते. मधोमध बसलेले साहेब स्वतः सैन्यातले, पांढऱ्या दाट भुवयांचे. बाजूला एक सरकारी अधिकारी आणि आमच्या डॉक्टरबाई. भुवयांच्या साहेबांनी मागचा अहवाल पाहिला आणि विचारलं, "मागच्या वेळी गुडघा पुरता वाकला होता. दुखत नाही असं तुम्हीच सांगितलंत. मग अपील कशासाठी?"

पूलवाला ताठ उभा राहिला. "मुलीने केलंय, साहेब."

"तुमचं म्हणणं काय?"

"माझं काही म्हणणं नाही, साहेब."

मला वाटलं, संपलं. सरकारी अधिकाऱ्याने पेनाला टोपणही लावलं. हा माणूस आता वर जाणार, चौथ्या मजल्यावर, आणि खुर्ची आत वळवून बसणार.

तेवढ्यात मुलगी पुढे आली. "साहेब, दुखतं का असं त्यांना विचारू नका. आयुष्यभर ते नाहीच म्हणत आलेत. माझी आई गेली तेव्हाही कोणी विचारलं तर ठीक आहे म्हणाले. मी एक बोलू का त्यांच्याशी? इथेच, तुमच्यासमोर?"

साहेबांनी भुवया उचलल्या, पण हाताने बोला अशी खूण केली.

ती वडिलांकडे वळली. "बाबा, घर बदललं तेव्हा कपाट आपण दोघांनी जिन्यावरून वर नेलं. आठवतं? तेव्हा तुम्ही मला काय शिकवलंत?"

त्याने नजर बुटांकडे वळवली.

"सांगा ना. चौकट खांद्यावर असताना एखाद्याचा पाय सुटायला लागला, तर त्याने काय करायचं?"

"हाक द्यायची," तो हळूच म्हणाला.

"काय हाक?"

"टेकवा."

"आणि नाही दिली तर?"

"तर ओझं शेजारच्यावर पडतं. माणूस जायबंदी होतो." आता तो समितीकडे पाहत बोलू लागला, जणू नव्या शिपायांना शिकवतोय. "म्हणून हाक आली की सहाही जणांनी एकदम टेकवायचं, साहेब. हाक देणाऱ्याला कारण विचारायचं नाही. हसायचं नाही. तुकडीचा रिवाजच होता तसा."

"तुम्ही कधी दिलीत?" बाईंनी विचारलं.

तो ओशाळला. "वेळ नाही आली. खांब म्हणायचे ना मला."

"बाबा," मुलीचा आवाज आता अगदी लहान झाला, "या चौकटीखाली मीही आहे. दुसऱ्या खांद्याला मीच आहे. पाय सुटतोय आणि तुम्ही बोलत नाही आहात. माझ्यावर पडतंय हो."

बाई उठल्या, त्यांनी त्याला खाटेवर बसवलं आणि मला तळव्यांत धरलं. त्या दिवशी त्यांचेच हात गार होते, पण त्यांनी मला ऊब येईपर्यंत सोडलं नाही.

"हुकूम नाही," त्या म्हणाल्या. "सावकाश न्या. पाय सुटायला लागला की तुमची हाक द्या. मी लगेच टेकवते."

गुडघा वाकू लागला. ती थरथर आली. ती वाळू दळायला लागली. मी मनात म्हणत होतो, बोल रे बाबा, बोल. त्याने डोळे मिटले. जबडा आवळला. आणि मग, अजून फारसा वाकलाही नव्हता तोच, त्याच्या तोंडून आलं,

"टेकवा."

आवाज मोठा नव्हता. पण मित्रांनो, त्याच क्षणी टेबलामागच्या त्या भुवयांच्या साहेबांचे दोन्ही हात, हवेतलं काहीतरी जड धरून असल्यासारखे, एकदम खाली आले आणि टेबलावर टेकले. त्यांनाही ते नंतर कळलं. त्यांनी हात मागे घेतले, घसा खाकरला आणि खिडकीकडे पाहिलं.

बाईंनी त्याचा पाय अलगद आपल्या हातावर तोलून सरळ केला. मग माझी रेघ वाचली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मागच्या अहवालाच्या निम्म्याहून कमी. थोड्या विसाव्यानंतर पुन्हा मोजलं तर हाक त्याच्याही आधी आली. आणि तिसऱ्यांदा त्याने ती नीट, मोकळ्या आवाजात दिली.

"कोणत्या पुलावर होतात?" साहेबांनी विचारलं.

"नद्यांची नावं गेली, साहेब. वजनं आठवतात."

साहेबांनी शेजारच्या दोघांकडे पाहिलं. दोघांनीही मान हलवली. "अपील मंजूर," ते म्हणाले, आणि मग कचेरीतला आवाज सोडून म्हणाले, "काठी बाहेर ठेवलीत का? जा गं, आणून दे त्यांना."

मुलगी काठी आणायला गेली ती लवकर परत आलीच नाही. बोळात तोंड फिरवून उभी असावी. पूलवाला खाटेवर बसून माझ्याकडे बघत होता. त्याने मला उचललं, एकदा उघडलं, एकदा मिटलं. त्याची बोटं खडबडीत होती. "चांगली पिन आहे," तो म्हणाला आणि मला बाईंच्या हातात दिलं. ती आमची शेवटची भेट.

मित्रांनो, या खोलीची एक गंमत आहे. ज्यांचं काम होत नाही, ते पुन्हा पुन्हा येतात. ज्यांचं होतं, ते परत कधी येत नाहीत. मी किती दिवस दाराकडे कान लावून होतो! वाटायचं, निदान सांगायला तरी येईल. तळमजल्यावर ऊन येतं का, ऑपरेशन दुखलं का, ठकीची सायकल कोणी धरली. एकदा बाईही दाराकडे बघत म्हणाल्या, "तो आपला खांब आला नाही ना पुन्हा?" आणि मग स्वतःच हसल्या, "नाही आला तेच बरं."

पुढे बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला नव्या डॉक्टरांच्या हाती दिलं आणि म्हणाल्या, "आधी ऊब द्या बरं का याला." नवे डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांच्याकडे नवं यंत्र आहे. ते पायाला चिकटवलं की पडद्यावर आकडा येतो. माझ्यापेक्षा चोख आहे ते, मी कशाला नाकारू? फक्त ते लावताना हात लावावा लागत नाही. मी आधी टेबलावर होतो, मग वरच्या खणात, मग इथे. माझ्या रिव्हेटवर गंज चढलाय. आता मला उघडलं तर मीही करकरेन.

तुमच्याही घरी कोणीतरी असेल, जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचा रंग निरखणारं, किंवा खाली पडलेली वस्तू पायानेच जवळ ओढणारं. आजोबा असतील, आजी असेल, कदाचित लहानपणी तुम्हांला दिवसदिवस कडेवर घेऊन फिरलेली आईसुद्धा असेल. त्यांना दुखतंय का असं दारातून ओरडून विचारू नका. ते नाहीच म्हणतील. जवळ बसा. हात आधी थोडे गरम करून घ्या आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवा. काही वेळ काहीच विचारू नका. जे बोलायचं असेल ते आपण होऊन येईल, आणि आलं की कारण विचारू नका. हसूही नका.

आणि एक मागणं आहे माझं. कुठल्यातरी रस्त्यावर तुम्हांला एक उंच, वाळलेला माणूस दिसेल, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने लहानशा सायकलची मागची सीट धरलेला. त्याला माझा नमस्कार सांगा. इथे एका खणात त्याची कोणीतरी फार आठवण काढतं, एवढंच सांगा. पण त्याला इकडे मात्र पाठवू नका.